खड्डा खणण्याआधी जागा वाचायला हवी



जून उजाडला की आपल्या शाळांमध्ये एक ठरलेला कार्यक्रम असतो. रोपं येतात, बॅनर लागतो, पाहुणे येतात, नारळ फुटतो, फोटो निघतात. गेली २१ वर्षं मीही हा कार्यक्रम मनापासून करत आलो आहे. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या एका खेड्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा. मागच्या वर्षी रोपं घेऊन आम्ही मैदानात गेलो, तर आमचे शिपाई मामा कुदळ टेकवून उभे. मी म्हटलं, "मामा, खड्डे घ्यायला लागा."

मामा म्हणाले, "गुरुजी, नवे खड्डे कामून खंदायचे? गेल्या सालचे हायतच की. त्यातच लावू."

पोरं हसली, मीही हसलो. पण घरी गेल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दरवर्षी २५ रोपं धरली तरी २१ वर्षांत ५०० च्या वर झाडं व्हायला हवी होती. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन मोजली. १४ भरली.

त्या चौदांमधलं सगळ्यात देखणं झाड म्हणजे फाटकाजवळचा कडुनिंब. पाच वर्षांत चांगला वर गेला होता. त्याच मे महिन्यात तो अर्ध्यातून छाटला गेला, कारण वरून विजेच्या तारा गेलेल्या. पावसाळ्याआधी तारांना लागणाऱ्या फांद्या तोडाव्याच लागतात, तोडणाऱ्यांचं त्यात काहीच चुकलं नाही. ज्या मुलींनी पहिलीत असताना ते रोप लावलं होतं, त्या आता सहावीत आहेत. शाळा उघडल्यावर त्यांनी ते खुंटलेलं झाड पाहिलं आणि एकीने विचारलं, "सर, तिथं लावा म्हणून आपल्याला कुणी सांगितलं होतं?"

मीच सांगितलं होतं. बोट दाखवून जागा दाखवली होती आणि त्या वेळी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं.

आजचा लेख त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

हात खूप आहेत, आराखडा नाही

आपल्या भागात झाडं लावणाऱ्या हातांची कमी नाही. लातूर शहरात ग्रीन लातूर वृक्ष टीमचे स्वयंसेवक २०१९ पासून रोज सकाळी रस्त्यावर उतरतात. रोपं लावतात, आळी करतात, गवत काढतात, पाणी घालतात. एका दिवसाचा उत्साह कुणालाही येतो, पण रोज उठून तेच काम करायचं म्हणजे अंगात चिकाटी लागते. शेजारच्या बीड जिल्ह्यात पालवणच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराईने झाडं उभी केली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये तिथं पहिलं वृक्ष संमेलन भरलं. राज्य सरकारने तर २०१६ साली २ कोटींपासून सुरुवात करून २०१९ साली ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

आणि सेवाभाव आपल्याला नवा थोडाच आहे? नांदेडला हुजूर साहिबला जाऊन या. तिथं लंगरमध्ये भाकरी-पोळ्या लाटणारे, भांडी घासणारे, जोडे सांभाळणारे हात कुठून कुठून आलेले असतात. पण एक गोष्ट नीट पाहा. सेवा करणारा कुणीही असला, तरी पंगत कुठं बसायची, ताटं कुठून येणार, धुवायला कुठं जाणार, पाणी कुठून वाहणार, हे कुणीतरी आधी ठरवलेलं असतं. म्हणूनच हजारो माणसं गडबड-गोंधळ न होता जेवून उठतात. सेवा आणि रचना एकत्र असली की काम टिकतं. आपल्या वृक्षारोपणात सेवा असते. रचना मात्र माझ्यासारखा एखादा मास्तर बोटाने दाखवतो.

माझं मत सरळ आहे. मराठवाड्याच्या शाळांना, स्मशानभूमींना, तळ्याकाठांना, बाजारतळांना रोपांच्या आणखी एका गाडीपेक्षा लँडस्केप डिझायनरचे चार दिवस जास्त हवे आहेत. आणि ज्यांच्याकडे ही विद्या आहे, त्यांनी वर्षातले चार दिवस आपल्या गावाला द्यायला हवेत.

लँडस्केप डिझायनर म्हणजे कोण?

मित्रांनो, आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर बंगल्यापुढची हिरवळ, कारंजं आणि रंगीत दगड येतात. त्याला आपण परिसर-रचनाकार म्हणू या. शोभा हा त्याच्या कामाचा एक छोटा भाग. बाकीचं काम म्हणजे जमीन वाचणं. उतार कुठला, पाणी कुठून येतं आणि कुठं थांबतं, माती काळी की मुरमाड, दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर पडतं, माणसं कुठून चालतात, गुरं कुठून शिरतात, वर तारा आहेत का, खाली नळ आहे का. हे सगळं कागदावर मांडायचं आणि मग ठरवायचं, इथं झाड, इथं पार, इथं पायवाट, आणि इथं काहीच नको.

हे शास्त्र परदेशातून आलेलं खूळ आहे असंही कुणी समजू नये. लातूरची गंजगोलाई आठवा. १९१७ साली उभारलेली ती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी आडतीवर येणाऱ्या गाड्या, माणसं, माल यांचा विचार करून ती आखणी केली, म्हणून आजही लातूरचा बाजार त्याच गोलाभोवती फिरतो. कंधारचा राष्ट्रकूटकाळातला तलाव पाहा. पाणी कुठं अडेल हे ज्यांनी ओळखलं, त्यांनी ते शिवार फिरल्याशिवाय ओळखलं नसणार.

पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार १९१४ च्या सुमारास भारतात आले आणि इथल्या कितीतरी शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले. १९१९ नंतर ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापकही होते. त्यांची पद्धत अशी की, आधी गल्लीबोळांतून पायी हिंडायचं, लोक कसे राहतात ते बघायचं, आणि मग कमीत कमी पाडापाडी करून जागा सुधारायची. सरसकट पाडून सरळ रस्ते काढायला त्यांचा विरोध होता. गावाला डॉक्टरसारखं तपासा, मग औषध द्या, असा त्याचा सरळ अर्थ.

न विचारता केलेल्या रचनेचं काय होतं?

ते आपल्या लातूर-धाराशिवकरांइतकं कुणाला कळणार? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे ८,००० माणसं गेली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसवण्यात आली. देशभरातून, परदेशातून मदत आली. घरं मजबूत झाली, हे ऋण आपण विसरू नये. पण बहुतेक नवी गावं फूटपट्टीने आखावीत तशी सरळ, रुंद रस्त्यांची, एकमेकांपासून लांब घरांची झाली. जुन्या गावठाणात अरुंद बोळ होते, त्यांत सावली होती. ओसरी होती, पार होता, म्हाताऱ्यांना बसायला जागा होती. सरळ रुंद रस्त्यावर मे महिन्याच्या दुपारी म्हाताऱ्या माणसाने कुठं टेकायचं? लोकांनी मग हळूहळू घरांपुढं पत्रे टाकले, ओसऱ्या काढल्या, झाडं लावली, आणि आखलेल्या वसाहतीचं गाव केलं. घर कसं बांधायचं हे इंजिनिअरला माहीत होतं. दारापुढं काय लागतं हे बाईला माहीत होतं, तिला विचारायचं बऱ्याच ठिकाणी राहून गेलं.

हा धडा स्वयंसेवकालाही लागू आहे. फुकट काम करतो म्हणून न विचारता काम करायचा परवाना मिळत नाही.

थोडं गणित करू

आपला भाग दुष्काळी, इथं काय झाडं जगणार, असं आपण सहज म्हणतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली पाणीगाडी आली. त्या पहिल्या खेपेत ५ लाख लिटर पाणी होतं. साऱ्या देशाने ती बातमी पाहिली.

आता वहीत मांडा. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होतं. आमच्या शाळेच्या ८ खोल्या आणि व्हरांडा मिळून छत ४०० चौरस मीटरच्या आसपास. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू. ४०० गुणिले ७००, म्हणजे २ लाख ८० हजार लिटर. त्यातलं पाचवा हिस्सा वाया गेलं तरी २ लाख २४ हजार लिटर उरतं. म्हणजे त्या पहिल्या पाणीगाडीतल्या पाण्याच्या निम्म्याला थोडं कमी पाणी दरवर्षी आमच्या एका छोट्या शाळेच्या छतावर पडतं. ते जातं कुठं? पन्हाळीतून खाली पडतं, मैदानात चिखल करतं आणि फाटकातून ओढ्याला जातं. मग एप्रिलमध्ये मामा दोन घागरी घेऊन झाडाला पाणी घालतात.

पाण्याचा दुष्काळ खराच आहे. पण उतार न पाहता केलेल्या कामाचाही दुष्काळ आहे, आणि हा दुसरा दुष्काळ आपल्या हातातला आहे. एक चर, एक शोषखड्डा, योग्य बाजूला वळवलेली एक पन्हाळ, एवढ्याने झाडाच्या मुळाशी पाणी राहतं. ती रेघ कुठून काढायची हे सांगणारा माणूस हवा.

ती आली आणि कागदच काढला नाही

आमची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात हेच काम करते. दिवाळीत घरी आली तेव्हा मी तिला शाळेत बोलावलं. म्हटलं, "बाळा, एक झकास प्लॅन काढून दे. आपण फ्रेम करून लावू."

ती म्हणाली, "सर, आधी मला मामांशी बोलू द्या."

तिने मामांना विचारलं, पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं? शेळ्या कुठून येतात? डबा खायला पोरं कुठं बसतात? मोठ्या मुली कुठं बसतात? मामा तर सुरूच झाले. "लेकरा, शेळ्या गेटातून येतच न्हाईत. गुरुजी गेटाला कुलूप लावतेत, अन् त्या वढ्याकडच्या पडक्या भिंतीवरून येतेत." मुली डबा खायला पाण्याच्या टाकीमागे बसतात, कारण दुपारी तेवढीच सावली. पाणी तिसरीच्या वर्गामागे आठ-आठ दिवस साचतं.

२१ वर्षांत मी मामांना यातलं एकही विचारलं नव्हतं.

मग तिने पोरांच्या हातात टेप दिला. मैदान मोजलं. सकाळी ९ ला, दुपारी १२ ला आणि ३ ला सावलीच्या कडा चुन्याने आखल्या. बादलीभर पाणी ओतून ते कुठं धावतं ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी नकाशा झाला आणि त्यातल्या निम्म्या रेषा पोरांच्या होत्या. वर्गांच्या पश्चिमेला कडुनिंब आणि करंज, कारण दुपारचं ऊन तिकडून येतं. तारांखाली फक्त अडुळसा, जास्वंद, कढीपत्ता. भिंतीपासून लांब मोकळ्यात एक चिंच, तिच्याभोवती पुढं पार. पिंपळ इमारतीजवळ नको, मुळं पायात शिरतात. तिसरीच्या वर्गामागे चर काढून ते पाणी चिंचेकडे. आणि सगळ्यात आधी ती पडकी भिंत दुरुस्त.

या जूनमध्ये आम्ही २५ ऐवजी ९ रोपं लावली. फोटोत फार काही दिसलं नाही. जगतील का? ते येणारा मे महिना सांगेल. पण या वेळी प्रत्येक रोप तिथंच का, हे चौथीचं पोरगंही सांगू शकतं.

काही आक्षेप, काही उत्तरं

पहिला आक्षेप शहरातल्या व्यावसायिकांचा. फुकट काम केलं की त्या कामाची किंमत राहत नाही. यात तथ्य आहे. ज्याच्याकडे पैसा आहे, त्या संस्थेने, त्या बिल्डरने फी द्यावीच. गावची शाळा, स्मशानभूमी, पाणवठा इथं मात्र फी देणारा कुणी नसतो. तिथं फुकट काम केल्याने कुणाचा धंदा बुडत नाही. उलट रचनेने काय फरक पडतो हे गावाने एकदा पाहिलं, की पुढच्या कामाला ग्रामपंचायत स्वतः माणूस शोधेल.

दुसरा आक्षेप गावकऱ्यांचा. शहरातून येणार, चित्र काढणार, निघून जाणार, सांभाळायचं आम्ही. हा आक्षेप मला जास्त पटतो. म्हणून स्वयंसेवेलाही लेखी करार हवा. पाणी कोण घालणार, सुट्टीत कोण बघणार, पहिली तीन वर्षं रचनाकार किती वेळा येऊन पाहणार, हे एका कागदावर असावं. मे महिन्यात एकदा तरी यायचं. जूनमध्ये येणारे पुष्कळ असतात.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, माझी अट आहे. विद्या फुकट द्यावी, पण दुसऱ्याची मजुरी फुकट मागू नये. आपण सगळे मिळून एक सकाळ श्रमदान करणं वेगळं आणि उन्हात ४० खड्डे खणणाऱ्या मजुराला "गावाचं काम आहे" म्हणून राबवणं वेगळं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली आपल्याच राज्याने केला. काम करणाऱ्याला दाम मिळाला पाहिजे. डिझायनरचे चार दिवस त्याच्या पगारी नोकरीतून निघतात, मजुराचे चार दिवस त्याच्या चुलीतून.

चौथं म्हणजे झाडांची निवड. झटपट हिरवं दिसतं म्हणून कोनोकार्पस लावायची लाट सगळीकडे आली. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्याकडे झाडांची कमी आहे का? किनवटच्या जंगलात साग आणि मोह आहे, वडवळ नागनाथचं बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखलं जातं, बांधाबांधावर बाभूळ, बोर, हिवर, पळस, आपटा आहे. आपल्या मातीने आणि उन्हाने त्यांची परीक्षा आधीच घेतलेली आहे.

आपण काय करू शकतो?

शिक्षक मित्रहो, पुण्या-मुंबईहून कुणी येईपर्यंत थांबायची गरज नाही. या वर्षी रोपं येण्याआधी एवढं करून पाहा.

१. शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांकडून मैदान मोजून घ्या आणि चौकटीच्या कागदावर नकाशा काढून घ्या. प्रमाण आणि क्षेत्रफळ हे दोन्ही धडे त्यात होतात.

२. सकाळ, दुपार आणि शाळा सुटताना सावली कुठं पडते ते आखा.

३. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन बाहेर पडा आणि पाणी कुठून कुठं जातं ते बाणांनी दाखवा.

४. मामा, मावशी, खिचडी शिजवणाऱ्या ताई, शेजारचा शेतकरी यांना विचारा. जागेची खरी माहिती त्यांच्याकडे असते.

५. मान वर करा, तारा पाहा. खाली पाहा, नळ-गटार पाहा.

६. मगच ठरवा, किती झाडं आणि कुठं. कमी लावली तरी चालतील.

आणि हा नकाशा घेऊन आपल्या माजी विद्यार्थ्यांना शोधा. लातूर पॅटर्नने आपण डॉक्टर आणि इंजिनिअर घडवले, त्यांचे फलक चौकाचौकात लागतात. त्याच वर्गांतून काही पोरं आर्किटेक्ट झाली, काही शेतकी पदवीधर, काही बागकामात. त्यांना आपण कधी काही मागितलंच नाही. मागून तर बघा. माझ्या विद्यार्थिनीला जाताना मी विचारलं, "तुझे तीन दिवस गेले गं, सुट्टीतले." ती म्हणाली, "सर, मी याच मैदानात टाकीमागे बसून डबा खाल्लाय. तेव्हा तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

फाटकाजवळचा तो अर्धा कडुनिंब आम्ही काढलेला नाही. त्याला बाजूने नवे फुटवे आले आहेत, तारेला लागणारे तेवढे दरवर्षी छाटावे लागतील. दरवर्षी नव्या पहिलीच्या मुलांना मी तिथं उभं करणार आहे आणि सांगणार आहे, बाळांनो, हे झाड सरांनी चुकीच्या जागी लावायला सांगितलं. तुम्ही लावाल तेव्हा आधी वर बघा.